ओळखलं असतं तर रामायण झालं असतं का?

पंचवटीत सीता गुंफेच्या रांगेत उभं राहिलं की लोकांच्या गप्पा ऐकायला भरपूर वेळ मिळतो. आतली वाट इतकी बुटकी आणि अरुंद आहे की बसत, सरकत, एकामागे एक जावं लागतं, म्हणून बाहेरची रांग मुंगीच्या पावलांनी हलते. एकदा माझ्यापुढे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आणि तिची आजी होती. मुलीनं विचारलं, "आजी, तो रावण गोसावी बनून आला, तर सीतेला कळलंच कसं नाही?" आजी म्हणाली, "कळलं असतं तर पुढचं रामायण झालं असतं का गं?"

मुलीचं समाधान झालं नाही, आणि खरं तर तिचंही बरोबर होतं. आजीनं दिलं ते कथा सांगणाऱ्याचं उत्तर: गोष्ट पुढे सरकायला सोंग हवंच. मुलगी विचारत होती तो ऐकणाऱ्याचा प्रश्न: पण ते सोंग मला पटायला नको का? वेशांतर, तोतयेगिरी, बदललेलं नाव, दुहेरी आयुष्य, यांतलं काहीही ज्या कथेत आहे तिला आजी आणि नात दोघींना खूश ठेवावं लागतं. ते कसं जमतं ते बघू. नाशकात आहोतच, तर पंचवटीपासूनच.

त्याआधी एक फरक. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. आमचे तात्यासाहेब जन्मानं गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर विष्णू वामन, कवितेपुरते कुसुमाग्रज (म्हणजे कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ) आणि नाटकांवर पुन्हा वि. वा. शिरवाडकर. इतकी नावं असूनही त्यात गुपित कुठलंच नाही. गंगापूर रोडवर कुणालाही विचारा, सगळी नावं एकाच दारात आणून सोडतील. कथेतली गुप्त ओळख वेगळी असते. तिथे कुणापासून तरी काहीतरी लपवलेलं असतं, आणि ते उघड झालं तर कुणाचं तरी जबर नुकसान होणार असतं. नुकसान नसेल तर ते नुसतं टोपणनाव.

आता पंचवटी. अरण्यकांडातल्या मोजक्या सर्गांत इथे एकामागून एक तीन मायावी पाहुणे येतात. पहिली शूर्पणखा. तिचं नाक इथे कापलं म्हणून 'नासिक', ही आपल्याकडची जुनी व्युत्पत्ती. गंमत अशी की वाल्मीकींची शूर्पणखा वेश पालटून येत नाही. आहे त्या रूपात रामासमोर उभी राहते आणि मी कामरूपिणी राक्षसी आहे, हवं ते रूप घेऊ शकते, असं स्वतःच सांगून मोकळी होते. तिला सुंदर तरुणीचं रूप मिळालं ते पुढच्या रामायणांत, कंबनांच्या तमिळ काव्यात, तुलसीदासांच्या मानसात. हा बदल पुढच्या कवींना का करावासा वाटला असेल? मला वाटतं, वाल्मीकींच्या प्रसंगात थट्टा आहे आणि क्रौर्य आहे, पण हुरहूर नाही. सुंदर रूप आलं की ऐकणारा सावध होऊन बसतो. हिचं खरं रूप त्याला माहीत असतं, समोरच्यांना ते कधी कळणार याची तो वाट बघू लागतो. प्रसंग तोच राहतो, पण ऐकणाऱ्याला काम मिळतं.

दुसरा मारीच, सोन्याचा मृग. इथे वाल्मीकी फार हुशारी करतात. लक्ष्मण मृगाला पाहताक्षणी सांगतो की हा मारीच आहे. म्हणजे गुपित पहिल्या क्षणीच फुटलेलं आहे! तरी राम जातो: मारीच असला तर मारायलाच हवा, आणि सीतेला ते कातडं हवंय. पुढे मारीच मरताना रामाच्या आवाजात हाक मारतो. लक्ष्मणाला तीही खोटी वाटते, तो तसं म्हणतो, आणि सीता त्याच्यावर नको ते आरोप करते. अखेर त्याला जावंच लागतं. एका माणसाला सगळं माहीत आहे आणि त्याच्या माहितीचा कवडीचा उपयोग नाही. सोंग ओळखलं की खेळ संपला असं मानणाऱ्या प्रत्येक नवलेखकानं हा भाग दोनदा वाचावा.

तिसरा रावण. वाल्मीकी त्याचा वेश तपशीलवार देतात: भगवं वस्त्र, शेंडी, छत्री, पायांत पादत्राणं, डाव्या खांद्यावर दंड आणि कमंडलू. नातीच्या प्रश्नाचं उत्तर याच यादीत आहे. सीतेनं रावणाला आधी कधी पाहिलेलंच नव्हतं, तेव्हा चेहरा लपवायचा प्रश्नच नव्हता. त्याला लपवायचा होता हेतू. वेश त्यासाठी निवडलेला आहे: दारात परिव्राजक आला तर आसन द्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं, विन्मुख पाठवायचं नाही. सीता फसते ती भोळी म्हणून नाही, घरंदाज म्हणून. तिचा धर्मच तिच्या दाराची कडी काढतो. (लक्ष्मणरेषा वाल्मीकींकडे नाही. नंतरच्या कथाकारांनी ती आखली आणि पेच आणखी आवळला: त्याला रेषा ओलांडता येत नाही, भिक्षा घालायला तिलाच बाहेर यावं लागतं.) मग बोलता बोलता रावण आपण होऊन नाव सांगतो. कुणी पकडत नाही, कुणी चतुराईनं ओळखत नाही. गरज संपली, सोंग संपलं.

तर सोंग पटतं ते बेमालूम रंगभूषेमुळे नव्हे. समोरच्याची कुठली सवय, कुठली रीत, कुठली इच्छा ते वापरून घेतं, यावर ते टिकतं किंवा पडतं. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आठवा. दोन धडधाकट पुरुष साड्या नेसून घरमालकिणीसमोर वावरतात. नीट पाहिलं तर शेंबडं पोरही ओळखेल. पण ते खपतं, कारण मालकिणीला बिऱ्हाड हवंय ते जोडप्याचंच, आणि समोर जोडपी उभी आहेत. तिला जे हवंय ते दिसतंय. एकट्या मुलांना खोली नाकारायची ही रीत कॉलेज रोडच्या आसपास भाड्यानं फ्लॅट शोधणाऱ्यांना आजही पाठ आहे, म्हणून तो सिनेमा जुना होत नाही.

चष्मा लावला की कुणी ओळखत नाही, त्या परदेशी महामानवाकडेही याच वाटेनं जाता येतं. सुपरमॅन १९३८ साली कॉमिकमध्ये आला. दिवसा तो क्लार्क केंट, बुजरा बातमीदार. त्याआधी १९१९ मध्ये झोरो आला होता: रात्री तलवारबाज, दिवसा आळशी श्रीमंत पोरगा. त्याच्याही आधी, १९०५ च्या एका इंग्रजी कादंबरीत फ्रान्समधल्या सरदारांना गिलोटिनपासून वाचवणारा वीर लंडनमध्ये कपड्यांपलीकडे काही न सुचणारा छानछोकी म्हणून मिरवत होता. तिघांची युक्ती एकच. लोक चेहरा कमी आणि माणसाबद्दलचं आपलं मत जास्त बघतात. मत एकदा पक्कं झालं की चेहऱ्याकडे कोण लक्ष देतो?

चष्म्याची तर चाचणीही झाली आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना अनोळखी चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून विचारलं, हा एकच माणूस आहे की दोन? दोन्ही फोटो सारखे असताना, म्हणजे दोन्हींत चष्मा किंवा दोन्हींत नाही, साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर आली. एका फोटोत चष्मा आणि दुसऱ्यात नाही असं झालं की हा आकडा ७४ टक्क्यांच्या आसपास उतरला. म्हणजे चष्मा थोडाफार फसवतो खरा. पण हे अनोळखी चेहऱ्यांपुरतं. रोज समोरच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला चष्मा काढल्यावर न ओळखणाऱ्या, सुपरमॅनच्या गोष्टीतल्या लोइस लेनला हा अभ्यास काही वाचवत नाही. तिला वाचवतो तो वाचक. त्याला तिनं ओळखायला नकोच आहे.

आता मूळ यंत्राकडे. गुप्त ओळखीच्या कथेत पाहायची गोष्ट एकच: कुणाला काय माहीत आहे, आणि कधीपासून. वाचकाला माहीत आणि पात्रांना नाही, अशी मांडणी असली की साध्या वाक्यालाही दोन अर्थ फुटतात. याचं माझ्या लेखी सगळ्यांत चोख उदाहरण विराटपर्वात आहे.

बारा वर्षं वनवास, तेरावं अज्ञातवासात, आणि त्यात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं. नुकसान किती ते आधीच आकड्यात सांगून टाकलंय. शस्त्रं शमीच्या झाडावर जातात आणि सहा जण विराटाच्या दारी नोकरीला लागतात. सोंगांची निवड बघा. युधिष्ठिर द्यूतानं राज्य घालवून बसलेला, तर कंक या नावानं राजाबरोबर द्यूतच खेळणार. खादाड भीम बल्लव, म्हणजे आचारी. अर्जुन बृहन्नला, अंतःपुरात नाच-गाणं शिकवणारा. नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे. आणि सम्राज्ञी द्रौपदी राणीची केशरचना करणारी सैरंध्री. कुणीही परकं सोंग घेतलेलं नाही. जे प्रत्येकात होतं पण राजेपणाखाली दबलेलं होतं, तेवढंच वर आणलंय. सोंग टिकवायचं तर ते स्वतःतूनच कापून काढावं लागतं. द्रौपदीला तेवढी ही सवलत नाही, आणि सगळ्यांत जास्त सोसते तीच.

भर सभेत कीचक तिला लाथ मारतो. दोन नवरे तिथेच हजर. भीमाची नजर बाहेरच्या एका झाडाकडे जाते. ते उपटून तो काय करणार, हे युधिष्ठिराला कळतं. तो म्हणतो त्याचा अर्थ साधारण असा: काय रे आचाऱ्या, सरपणासाठी झाड बघतोयस का? लाकडं हवी असतील तर बाहेर जाऊन तोड. दरबारातल्या कुणालाही हे आचाऱ्याला दटावणं वाटेल. आपल्याला मात्र त्यात एक भाऊ दुसऱ्याचा हात धरून ठेवताना दिसतो, आणि द्रौपदीला काय ऐकू आलं असेल त्याचा विचारही करवत नाही. गुप्त ओळख कथेत का आणायची याचं उत्तर या एका वाक्यात आहे. उघड ओळखीच्या कथेत हे वाक्य लिहिताच येत नाही.

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. शांतपणाचंही फार दिवस आणता येत नाही. भीम रात्री नर्तनशाळेत कीचकाला मारतो आणि नेमका तिथेच सुगावा लागतो: एवढ्या बलाढ्य माणसाला असा लोळागोळा करणारा आहे कोण, म्हणून दुर्योधनाचा संशय विराटनगरीकडे वळतो. ओळख फुटते ती गालावरच्या तिळानं किंवा अंगठीनं नव्हे, तर न राहवून केलेल्या कृतीनं. ॲरिस्टॉटलनं काव्यशास्त्रात असाच भेद केला आहे. खूण दाखवून पटवलेली ओळख त्याला कमअस्सल वाटते, घटनांच्या ओघातच उलगडते ती उत्तम. (आपल्याकडे खुणेची अंगठी इतकी लाडकी की कालिदासाच्या नाटकाच्या नावातच अभिज्ञान आहे. शिवाय तिथला दुष्यंत आश्रमात पहिल्यांदा येतो तोही आपण राजा असल्याचं लपवूनच.) पुढे विराट रागाच्या भरात कंकाच्या तोंडावर फासा फेकतो आणि त्याच्या नाकातून रक्त येतं. नाशिककर म्हणून नोंद घेतली पाहिजे, इथेही शेवटी नाकच.

दुसरी मांडणी याच्या उलट: वाचकालाही सांगायचं नाही, शेवटी धक्का द्यायचा. ही मला फारशी मानवत नाही, आणि त्याला कारण माझाच एक पराक्रम आहे. तरुणपणी आम्ही एक एकांकिका बसवली होती. घरात आलेला अनोळखी भाडेकरू हाच नायकाचा परागंदा बाप, हे शेवटच्या मिनिटाला उघड होणार होतं. लेखन माझंच. पडदा उघडून पाच मिनिटं झाली असतील, दुसऱ्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या ते विंगेपर्यंत ऐकू आलं: "हाच बाप असणार बघ." उरलेली पस्तीस मिनिटं आम्ही प्रेक्षकांना आधीच माहीत असलेली गोष्ट त्यांच्यापासून लपवत होतो. तो बाप आहे हे मी पहिल्याच प्रवेशात सांगून टाकलं असतं, तर मुलगा भाडेकरूशी भाड्यावरून भांडतो तो प्रवेश बघवला नसता इतका चांगला झाला असता. धक्का एकदाच वटतो. आधी दिलेली माहिती दर प्रवेशात व्याज देत राहते.

तिसऱ्या मांडणीत ज्याचं गुपित, त्यालाच ते ठाऊक नसतं. कर्ण. जन्माची गोष्ट आपल्याला आदिपर्वापासून माहीत, त्याला मात्र युद्ध तोंडावर आल्यावर कळते, आधी कृष्णाकडून, मग कुंतीकडून. आणि कळूनही तो बाजू बदलत नाही. इथे बिंग फुटल्यानं कुणाची सुटका होत नाही, उलट गाठ आणखी घट्ट बसते, कारण आता त्याला भावांवर जाणूनबुजून शस्त्र धरायचंय. भावांना तर तो मेल्यावरच समजतं. एकच बातमी तीन वेळा, तीन वेगळ्या माणसांना, तीन वेगळ्या घडीला. मराठीत कर्णावर इतकं लिहून झालं तरी लिहिणाऱ्यांची हौस फिटत नाही, याचं कारण मला त्याच्या दानशूरपणापेक्षा या वेळापत्रकात जास्त दिसतं.

'तो मी नव्हेच' या तिन्हींत कुठेच नीट बसत नाही, म्हणून त्याची मजा वेगळी. १९६२ चं अत्र्यांचं हे नाटक. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात उभा, आणि वेगवेगळ्या नावांनी त्यानं फसवलेली माणसं एकेक करून साक्षीला येतात. फिरत्या रंगमंचावर कोर्ट आणि भूतकाळ आळीपाळीनं समोर येतात, आणि सगळ्या रूपांत प्रभाकर पणशीकर. सगळे एकच आहेत हे प्रेक्षकाला दिसतंय. साक्षीदारांना खात्री आहे. गुपित असं काही उरलेलंच नाही. उरलाय तो लखोबाचा थंड नकार. 'हा कोण' हा प्रश्न जाऊन 'हे सिद्ध कसं करणार' हा येतो, आणि प्रेक्षक गुपचूप त्या भामट्याच्या हजरजबाबीपणावर खूश होत राहतो. घरी जाताना त्याची थोडी लाज वाटावी, हेही बहुधा नाटकाच्या हिशेबात धरलेलं असावं.

खऱ्या आयुष्यातली गुपितं याहून फार वेगळी वागतात. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनच्या बदलीनिमित्तचा. त्याच्यावर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे प्रेक्षक म्हणूनच तिथे आला होता. त्या रात्री रंगमंचावर सगळे दुसऱ्याच नावानं वावरत होते, आणि खरं वेशांतर होतं प्रेक्षागृहात. पण ते बघणारं कुणी नव्हतं. खऱ्या कटाला प्रेक्षक परवडत नाही, एक जरी माहीतगार जास्त झाला तरी फास बसतो. कथेतल्या कटाला मात्र प्रेक्षक नसला तर अर्थच नाही. म्हणून कथेतले हेर आणि वीर आपल्या कानाशी इतकं बोलत असतात.

आजच्या लेखकापुढची अडचण वेगळीच. पात्राला खोली भाड्यानं घ्यायची तर आधार कार्ड, सिम कार्ड घ्यायचं तर पुन्हा आधार कार्ड, चौकात सीसीटीव्ही, अनोळखी नंबर आला तरी स्क्रीनवर नाव. एक वर्ष अज्ञातवासात राहायचं तर पांडवांना आज विराटनगरीच्या टोलनाक्यावरच फास्टॅगनं पकडलं असतं. यावर लेखक दोन प्रकारे मार्ग काढताना दिसतात. काही जण कथा मागच्या काळात नेतात, ही सरळ पळवाट. काही जण लपण्याची जागाच बदलतात: माणूस खऱ्या नावानंच वावरतो आणि दुसरं आयुष्य फोनमध्ये जगतो. नवरा-बायकोला एकमेकांचं दुसरं अकाउंट माहीत नाही, दोघं त्याच दुसऱ्या अकाउंटांवरून एकमेकांशी बोलतायत आणि जेवताना मात्र मीठ पुढे सरकवण्यापलीकडे शब्द नाही. वेशांतर संपलेलं नाही, त्याला आता दाढी-मिशा लागत नाहीत एवढंच.

आणि एक सोंग असं की त्यात गुपितच नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या बाजूच्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजत असतो, टेंभ्यांच्या उजेडात देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून माणसं नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं हे बऱ्याच ठिकाणी ठरलेलं, त्यामुळे मुखवट्याखाली कोण आहे ते अख्ख्या गावाला माहीत. मी पाहिला त्या बोहाड्यात एका म्हातारीनं नाचत्या देवीपुढे तांदूळ वाहिले आणि वाकून पाया पडली. अर्ध्या तासानं तो मुखवटा कुडाला टेकवून ठेवला होता आणि त्याचा धनी घाम पुसत, गुळाचा चहा पीत बसला होता. म्हातारी तिथे आली आणि त्याला म्हणाली, "माझी घमेली नेलीस ती कधी देणार रं?"